विश्लेषण : आतडे मिळाले, पण शीर शिल्लक आहे का?

ग्रीन कॉरिडॉरमधून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचा व्हिडीओ आपण लगेच फॉरवर्ड करतो. लहान आतड्याच्या प्रत्यारोपणात मात्र एक प्रश्न त्याआधीच सुटलेला असावा लागतो. भूलतज्ज्ञाला वापरता येईल अशी मोठी शीर रुग्णाच्या शरीरात उरली आहे का?

शिरा संपतात कशा?

रक्तवाहिनीत गुठळी झाली किंवा आतड्याला पीळ पडला, तर निकामी भाग काढावा लागतो. सुमारे सहा मीटरपैकी थोडेच आतडे उरले, तर खाल्लेले अंगी लागत नाही. मग मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालून पोषण देतात. कधी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे. जंतुसंसर्ग आणि गुठळ्या यांमुळे एकेक शीर बाद होत जाते.

भूलतज्ज्ञाला त्या का हव्यात?

शस्त्रक्रिया अनेक तास चालते. रक्त आणि द्रव वेगाने द्यावे लागतात, तेही शरीराच्या वरच्या भागातल्या शिरांतून. पोटातली मुख्य शीर काही काळ बंद ठेवावी लागली, तर पायातून दिलेले रक्त हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही. नव्या आतड्यात रक्तप्रवाह सुरू होताच तिथले थंड, आम्लयुक्त आणि पोटॅशियम वाढलेले रक्त हृदयाकडे येते. रक्तदाब कोसळू शकतो, ठोके बिघडू शकतात. द्रव जास्त झाला तर आतडे सुजते, कमी पडला तर त्याला रक्त पुरत नाही. रक्तदाब वाढवणारी औषधेही हात राखूनच द्यावी लागतात, कारण त्यांनी आतड्याच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात.

त्यात वेळ कमी. बर्फात ठेवलेले मूत्रपिंड दिवसभर टिकू शकते. आतड्यासाठी साधारण सहा ते आठ तासच धरतात. त्यामुळे शिरांचा शोध सोनोग्राफी, सीटी स्कॅन करून आधीच घ्यावा लागतो.

मग करायचे काय?

माझ्या मते, या शस्त्रक्रियेची तयारी पोषणाची पहिली नळी बसते त्या दिवशीच सुरू व्हायला हवी. हात धुणे, नळीचे तोंड दरवेळी निर्जंतुक करणे, त्या नळीतून शक्यतो रक्त न काढणे, हे रुग्णाच्या घरच्यांना शिकवूनच डिस्चार्ज द्यावा. शिरा बंद पडू लागताच रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे. शेवटची शीर उरेपर्यंत थांबू नये. अवयवदानाचा प्रचार हवाच. पण दात्याच्या कुटुंबाने मन घट्ट करून दिलेले आतडे शिरेअभावी या रुग्णाला लावता आले नाही, तर ते अपयश दात्यांच्या टंचाईचे नाही, आपल्या निष्काळजीपणाचे आहे.