केसपेपरवर मुलांचीही नोंद हवी

कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला ‘घरी लहान मुले आहेत का, त्यांना काय सांगितले?’ हे विचारणे डॉक्टर व परिचारिकांच्या कामाचाच भाग ठरले पाहिजे. तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे केअर कर्करोग केंद्रे उभारण्याच्या २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेने ही निकड वाढवली आहे.

डे केअरमध्ये सकाळी केमोथेरपी घेतलेली आई संध्याकाळी घरी परतते. तिच्या उलट्या, गळणारे केस, दिवसभराचे झोपून राहणे मुले पाहतात. त्यांना सांगत मात्र कोणी नाही. मग ‘मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली’ अशी समजूत एखादे मूल करून घेते. एखादे संसर्गाच्या भीतीने तिच्या कुशीत जायचे टाळते.

‘तुम्हाला जमेल तसे सांगा’ हे उत्तर पुरेसे नाही. आजाराचे नाव, उपचारांचे परिणाम, यात कोणाचाही दोष नाही ही खात्री आणि शाळेतून आणायला कोण येणार, हे मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत कसे सांगावे, ते रुग्णालयानेच समजावले पाहिजे. ब्रिटनच्या राजघराण्यातील केट यांनाही तिन्ही मुलांना आजार समजावून सांगायला वेळ लागला, हे त्यांनीच मार्च २०२४मध्ये जाहीरपणे सांगितले.

नॉर्वेत रुग्णाच्या अल्पवयीन मुलांची दखल घेणे आरोग्य कर्मचाऱ्यांवर २०१०पासून कायद्याने बंधनकारक आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने किमान केसपेपरवर ही नोंद सक्तीची करावी आणि समुपदेशक नेमल्याखेरीज एकाही केंद्राची फीत कापू नये.