टाचेवरचे यंत्र आणि न विचारलेले प्रश्न

हाडांचा ठिसूळपणा, अर्थात ऑस्टिओपोरोसिस, हा बालरोगतज्ज्ञाच्या लेखणीचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. तथापि एका प्रसंगाने मला लिहिणे भाग पाडले. धाकट्याला लस देण्यासाठी आलेल्या ३८ वर्षांच्या एका मातेने पर्समधून चिठ्ठी काढली. एका मोफत शिबिरात टाचेला यंत्र लावून तिला ‘ऑस्टिओपोरोसिस’ असल्याचे सांगण्यात आले होते. हाड मोडेल या भीतीने महिनाभर तिने मुलाला कडेवर घेतले नव्हते.

त्या चिठ्ठीवर टी-स्कोअर होता. तो तरुण, निरोगी प्रौढांच्या सरासरीशी तुलना करतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखलेली उणे २.५ ही सीमारेषा रजोनिवृत्त स्त्रियांसाठी आहे. टाचेच्या अल्ट्रासाउंडला ती लावता येत नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतील पुरुष यांच्यासाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहावा, आणि तो उणे २ वा त्याखाली असला तरी केवळ त्यावरून रोगाचे निदान करू नये, हा मान्य संकेत आहे. अंक एकच असला तरी तरुण स्त्रीचा अस्थिभंगाचा धोका वृद्धेपेक्षा पुष्कळ कमी असतो.

मग तरुणांकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही. आधी प्रश्न विचारावेत. साध्या पडण्याने पूर्वी हाड मोडले आहे काय? तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या काय? पाळी पंचेचाळिशीपूर्वी गेली वा तारुण्यात दीर्घकाळ थांबली काय? आमवात, थायरॉइडचा अतिरेक, सिलिअॅक रोग, धूम्रपान, मद्यपान? आईवडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते काय? चाळिशीनंतर यांपैकी बरीच उत्तरे ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतीत भरून दहा वर्षांचा धोका काढता येतो. त्यासाठी अस्थिघनतेचा आकडा अनिवार्य नाही. उत्तरांत धोका दिसला, तर डेक्सा अवश्य करावी व मूळ कारणही शोधावे. त्या मातेच्या उत्तरांत धोक्याची एकही खूण नव्हती. मूल तिच्याच कडेवर घरी गेले.

उलटपक्षी, न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेला पंचेचाळिशीचा गृहस्थ प्लॅस्टर घालून घरी जातो, आणि त्याला कोणी काहीच विचारत नाही. खरी चूक येथे होते.

हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आसपासपर्यंत साठते. दूध, दही, तीळ, १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी, ऊन आणि धावणे-उड्या मारणे हेच तिचे भांडवल. दहावीचे वर्ष म्हणून मुलांचे मैदान बंद करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

आपल्या मंडळाच्या आगामी शिबिरात टाचेवरचे यंत्र नसावे. त्याजागी एक छापील प्रश्नावली आणि ती वाचून दाखविणारा डॉक्टर असावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रांग कदाचित लहान होईल. पण ज्याला खरोखर तपासणी हवी, तो त्यातून सापडेल.