शाल नको, दोर द्या

हे सदर डोंगरांचं, त्यामुळे दर ५ डिसेंबरला, जागतिक स्वयंसेवक दिनी, सत्कार समारंभांची निमंत्रणं मला हमखास येतात. मागच्या वर्षी एका समारंभाला पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर खुर्च्या मांडत, पाणी वाटत होती ती पोरं, ज्यांचा सत्कार होता! मग घाईघाईत नावं पुकारली गेली, त्यातली दोन चुकीची. शाली मात्र वेळेवर पोचल्या होत्या.

सत्कार होता डोंगरातल्या बचावकार्यात उतरणाऱ्यांचा. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली, ३० जण गेले. भर पावसात दोर लावून त्या दरीत महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक उतरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नाही, जेसीबी वर नेता येईना. एनडीआरएफच्या जवानांबरोबर चिखल तुडवत वर चढले, तेही असेच लोक. एरवी कुणाचं दुकान असतं, कुणाची नोकरी.

जेवताना त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, ‘‘सर, आमच्या दोराचं वय झालंय.’’ नायलॉनचा दोर नुसता कपाटात पडून राहिला तरी दहा वर्षांनी बाद करा, असं बनवणारेच सांगतात. कातळावर घासलेला, चिखलात भिजलेला दोर त्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि बाहेरून तो धडधाकटच दिसतो. त्या दिवशीच्या मांडवाच्या खर्चात नवा दोर नक्की आला असता.

स्वयंसेवा म्हटली की पदरमोड आलीच, असं जुनी मंडळी म्हणतात. वेळेची पदरमोड ही पोरं करतातच. पेट्रोलची, बुडालेल्या पगाराची आणि उद्या पाय मोडला तर दवाखान्याच्या बिलाचीही त्यांनीच करायची? संस्थांनी निदान अपघात विमा तरी उतरवावा. कंपन्यांनी अशा दिवसांची भरपगारी रजा द्यावी. जाहिरातीत ‘सामाजिक बांधिलकी’ लिहिण्यापेक्षा ते जास्त शोभेल.

सत्काराला माझा विरोध नाही. एका मुलाच्या आईनं त्याचं प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलेलं मी पाहिलंय. पण यंदा निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी या मुलांना एक फोन करा आणि दोर किती मिलिमीटर जाडीचा, किती मीटर लांबीचा हवा, ते विचारून घ्या.