पाण्याची मालकी कोणाची?

शहराला पाणी पुरवणारी व्यवस्था ही बाजारात हस्तांतरित होणारी मालमत्ता की नागरिकांचा सामाईक ठेवा? अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या मिझुला शहराला या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात जाऊन मिळवावे लागले.

सुमारे ७० हजार वस्तीच्या या शहराला पाणी मिळते ते त्याच खोऱ्यातील भूजलातून. मात्र विहिरी, जलवाहिन्या हे सारे ‘माउंटन वॉटर’ या खासगी कंपनीच्या मालकीचे होते. २०११ साली ही कंपनी कार्लाइल या बलाढ्य गुंतवणूक समूहाच्या ताब्यात गेली. नगरपालिकेने ती विकत घेण्याचे प्रस्ताव दिले. ते फेटाळले गेले. तेव्हा महापौर जॉन एंगेन यांच्या कारकिर्दीत, एप्रिल २०१४ मध्ये, नगरपालिकेने सार्वजनिक हितासाठी सक्तीच्या संपादनाचा दावा दाखल केला. दावा चालू असतानाच ही कंपनी एका कॅनेडियन उद्योगसमूहाला विकण्यात आली. ज्यांच्या घरात हे पाणी जात होते, त्यांना या व्यवहारात स्थान नव्हते.

हा लढा सोपा नव्हता. १९८० च्या दशकात असाच दावा शहराने गमावला होता. व्यवस्था आधीच लोकोपयोगी असल्याने, नगरपालिकेची मालकी खासगी मालकीपेक्षा ‘अधिक आवश्यक’ आहे, हे सिद्ध करणे कायद्याने भाग होते. कंपनीचे कर्मचारीही नोकरीच्या चिंतेने संपादनाच्या विरोधात न्यायालयात उभे राहिले. तरीही जून २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि जून २०१७ मध्ये ही व्यवस्था शहराची झाली.

हा विजय फुकटचा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. व्यवस्थेचे मूल्य ८ कोटी ८६ लाख डॉलर ठरले. त्याशिवाय वर्षानुवर्षे न्यायालयीन खर्च झाला. गळक्या जलवाहिन्यांच्या दुरुस्तीचा भारही नागरिकांच्याच शिरावर आला. खासगी मालकाला त्याचे योग्य मूल्य मिळाले आणि शहराला त्याचा हक्क. कायद्याच्या मार्गाने झालेला हा निवाडा म्हणूनच अनुकरणीय ठरतो.

आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. नागपूरने २०१२ साली पाणीपुरवठ्याचे संचालन खासगी कंपनीकडे सोपवले, पण मालकी महापालिकेकडेच ठेवली. संचालन आणि मालकी यांतील हा भेद प्रत्येक नगरपालिकेने करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ध्यानात ठेवावा. अर्थात, केवळ मालकी म्हणजे कार्यक्षमता नव्हे. गळती, थकबाकी आणि टँकरच्या दुष्टचक्रात अडकलेली नगरपालिका स्वतःच खासगीकरणाला निमंत्रण देत असते. खासगी हातात असलेली मालकी मिळवताना किती वर्षे आणि किती पैसा लागतो, याचा हिशेब मिझुलाने मांडून ठेवला आहे. आपल्या नगरसेवकांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्या जागरूक नागरिकांनी तो वेळीच वाचावा.