दंतघर्षण आणि हनुसंधि

आमच्या इचलकरंजीस मागांचा खडखडाट रात्रीं कोणास ऐकूं येत नाहीं. पण निजलेल्या मुलाचे दांत करकर वाजले, कीं घर जागें होतें व आजीबाई 'जंत झाले' असा निर्णय देतात. जंत हेंच याचें कारण, असें संशोधनानें निश्चित ठरलेलें नाहीं. बालपणचें दंतघर्षण बहुधा वयाबरोबर ओसरतें. सन २०१८ मध्यें नानादेशीय तज्ज्ञांनीं असें मांडिलें, कीं निद्रेंतील व जागृतींतील दंतघर्षण हीं भिन्न असून निरोगी मनुष्यांत तो रोग नव्हे, स्नायूंची क्रिया होय. चिंता, तंबाखू व मद्य यांशीं तिचा संबंध आढळतो.

जबड्याच्या सांध्याचें दुखणें मात्र निराळें. सुश्रुतानें आठ दंतरोगांत 'हनुमोक्ष' गणिला आहे. हें दुखणें स्त्रियांत अधिक आढळतें. यास्तव दिवसभर दांत आवळून राग गिळणाऱ्या सुनेची कानशिलाची कळ सोंग समजूं नये. मऊ अन्न, ऊन शेक व विश्रांति यांनीं ती पुष्कळदां शमते. रात्रीं बसवावयाचें आवरण दांतांची झीज वांचवितें. संवय मोडतेंच असें नाहीं. दांत घांसून घेण्याची घाई मात्र नको. घांसलेला दांत पुन्हां वाढत नाहीं. दोन मायेचे शब्द बोलण्यास तर वैद्याचीही गरज नाहीं.