फुकट गाण्यांचे दार मिटते तेव्हा

पेण, हमरापूर परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पावसाळाभर रंगकामाची लगबग असते. हात रंगात गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. मग कोपऱ्यातला एखादा मोबाइल गात राहतो. २०२४ साली ७ सप्टेंबरची गणेशचतुर्थी जवळ आली असताना, ऑगस्टच्या अखेरीस एअरटेल कंपनीने आपली ‘विंक म्यूझिक’ ही संगीतसेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. २०१४ साली सुरू झालेले हे ॲप दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये ‘गाना’ने फुकट श्रवण थांबवून वर्गणी अनिवार्य केली होती, तर ‘रेसो’ने ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातील सेवा आटोपती घेतली होती.

ग्राहकांच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. ‘फुकटचे होते, गेले, तक्रार कसली?’ असे म्हणणारे होते, तसेच मनापासून संतापलेलेही होते. पहिला युक्तिवाद आम्हांला अर्धाच पटतो. विंक मोबाइलच्या रिचार्जबरोबर येत असे. रिचार्ज फुकट नव्हता. जाहिराती ऐकण्यात गेलेला वेळही ग्राहकाचाच होता.

अर्थात कंपन्यांची बाजूही समजून घ्यावी लागेल. प्रत्येक गाण्यामागे हक्कधारकांना मोबदला द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनावरील हक्क अधिक बळकट केला. श्रमाला दाम मिळावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात गाणाऱ्याचाही श्रम आला. जाहिरातींच्या उत्पन्नातून हा खर्च भागणे कठीण असते. शिवाय २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ग्राहक टिकविण्यासाठी दूरध्वनी कंपनीला स्वतःच्या गाण्यांच्या ॲपची पूर्वीइतकी निकड राहिली नाही.

मग राग कशाचा? गाणी तर यूट्यूबवर आजही मिळतात. गेल्या त्या याद्या. वर्षानुवर्षे एकेक गाणे निवडून केलेल्या: आईच्या आवडीची, लग्नाच्या वाढदिवसाची, रात्रपाळीची. ‘डाउनलोड’ केलेली गाणीही ॲपच्या कुलपातच होती. ॲप मिटले की तीही मुकी होतात. कॅसेट काढणारी कंपनी बुडाली तरी कपाटातली कॅसेट वाजत असे. एअरटेलने पर्याय म्हणून ‘ॲपल म्यूझिक’ पुढे केले, परंतु त्याचा रोख महागड्या पोस्टपेड व वायफाय योजनांकडे होता. साधा प्रीपेड रिचार्ज करणाऱ्या रोह्यातील कामगाराला त्याचा कितीसा उपयोग?

पेणकरांनी २०१० साली पेण अर्बन बँकेच्या ठेवी अडकलेल्या पाहिल्या आहेत. त्या दुःखाशी गाण्यांच्या यादीची तुलना करणे अनुचित ठरेल, आणि आम्ही ती करीत नाही. मात्र ‘आमचे तिथे ठेवले होते’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच ऐकू येते.

सेवा बंद करताना ग्राहकाला त्याची यादी साध्या मजकुराच्या रूपात देणे कोणत्याही कंपनीला जड जाऊ नये. गाणे नव्हे, केवळ गाण्याचे नाव. तोवर आमची सूचना जुन्याच पद्धतीची आहे. आपल्या गायनमंडळांत गीतांची वही असते. तशीच एक वही घरीही ठेवावी आणि यूट्यूबवर नव्याने जमविलेली यादी तिच्यात उतरवून घ्यावी.