सिग्नलवर थरथरणारी गाडी

साकीनाक्याचा सिग्नल लाल झाला की आमच्या गाडीत सगळे गप्प व्हायचे. रस्ता मोकळा असला की गाडी छान चालायची. थांबली की थरथरायला लागायची. आरसा हलायचा, अम्मींच्या मांडीवरचा डबा वाजायचा. अब्बा गाडी न्यूट्रलला टाकून हलकी रेस देत बसायचे, नाहीतर ती तिथेच बंद पडायची आणि मागे हॉर्न सुरू.

गाडी 1998 ची, कार्ब्युरेटरची. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणी वाढवून घेतली, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. घरातल्या दोन लग्नांची, तीन बाळंतपणांची धावपळ तिने केली. म्हणून ती काढून टाकण्याचा विषय निघाला तरी कोणी पुढे न्यायचे नाही.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले. फरक पडला नाही, तेव्हा ‘स्लो’ वाढवून दिला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन जितके फिरते त्याचा स्क्रू थोडा आवळला. महिनाभर बरे वाटले. मग पेट्रोल जास्त लागू लागले आणि थरथर परतली. पुन्हा गेलो तर उत्तर मिळाले, “इंजिन खोलावे लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून आम्ही पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. ईदला खेडला जायचे होते. त्याच सुमारास अब्बा एकदा म्हणाले, “ब्रेक हल्ली जड लागतो.” आम्हाला वाटले, अब्बांचे गुडघे. या दोन तक्रारी एकच असतील असे कोणाच्या मनातही आले नाही.

मग शेजारच्यांनी कुर्ल्यातल्या एका वयस्कर उस्तादांकडे पाठवले. त्यांची उमेद पद्मिनी टॅक्सींवर गेली होती. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यातच बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर कानाने इंजिन ओळखणारे हातही कमी होत चालले आहेत. म्हणून थोडे आपणच समजून घेतलेले बरे.

उस्तादांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “चाचा, रेस दिली की थरथर जाते का?”

“जाते,” अब्बा म्हणाले.

“मग इंजिन खोलायची घाई नको.”

त्यामागचे कारण असे. इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, पण पिस्टन ओढतच असतात. त्यामुळे आतल्या मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते. तिथे लागलेल्या एखाद्या रबरी पाईपला चीर गेली की तिथून चोरटी हवा आत शिरते. शहाळ्याच्या नळीला भोक पडले तर तोंडात पाणी कमी आणि हवाच जास्त येते, तसेच हे. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली की ठिणगी पडूनही एखादा सिलिंडर पेटत नाही. यालाच मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात. रेस दिली की झडप उघडते, भरपूर हवा रीतसर वाटेने येते आणि चोरटी हवा तिच्यापुढे किरकोळ ठरते. म्हणून थरथर थांबते. रेस दिल्यावरही गाडी झटके देत असेल, तर आधी प्लग, वायर, कॉइल किंवा पेट्रोलची वाट तपासावी.

दुसरा पुरावा आमच्या कागदांतच होता. उस्तादांनी पीयूसीची स्लिप मागितली. भारत स्टेजपूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम असते. आमच्या स्लिपवर पहिला आकडा मर्यादेच्या खूप खाली होता आणि दुसरा मर्यादेला टेकलेला. पेट्रोल जास्त जात असते तर पहिला आकडा चढला असता. पहिला कमी आणि दुसरा जास्त, याचा अर्थ बहुधा हवा जास्त आणि पेट्रोल न जळता बाहेर. ती स्लिप आम्ही दर सहा महिन्यांनी फाईलला लावत होतो, वाचली कधीच नव्हती.

तिसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, आणि बूस्टर चालतो याच व्हॅक्यूमवर. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंत एक जाड पाईप जातो. उस्तादांनी फडके गुंडाळलेल्या पकडीने तो पाईप क्षणभर दाबला आणि थरथर थांबली. सोडला, पुन्हा सुरू. क्लिपखाली, वरून दिसणार नाही अशा जागी, रबर केसभर फाटले होते. स्लो वाढवल्याने तेवढे दुखणे झाकले गेले होते. ब्रेक मात्र दिवसेंदिवस जड होत होता.

नवा पाईप आणि दोन क्लिपा मिळून दोनशे चाळीस रुपये. स्लो पुन्हा जागेवर आणला, तोही कमीच करावा लागला. इंजिन खोलावे लागलेच नाही.

घरी काय पाहता येईल? गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजात नको. धुराचा विषारी वायू साचतो. हँडब्रेक ओढा. ओढणी, बाही, पदर पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवा. बॉनेट उघडून कान द्या, ‘स्स्स्’ असा आवाज येतो का. रबरी पाईप कडक, फुगलेले, चिरलेले, उंदरांनी कुरतडलेले आहेत का ते इंजिन बंद असताना पाहा. आपल्या उपनगरांत झाडाखाली, गटाराजवळ उभ्या गाड्यांना उंदरांचा त्रास नवा नाही. सीएनजी किट बसवले असेल तर त्यासाठी मॅनिफोल्डवरून काढलेल्या बारीक पाईपचा टी-जोडही पाहायला सांगा. गॅसचा वास आला तर मात्र गाडी सुरूच करू नका.

ब्रेकची परीक्षा सर्वांत सोपी. सपाट जागी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, तो कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर पाईप, त्याचा एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा बूस्टर यांत दोष आहे. मग गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेर काढू नका.

बाकीचे मेकॅनिकवर सोडा. गरम इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत आहे, पण तो फवारा पेट घेतो. त्यापेक्षा व्हॅक्यूम गेज लावायला सांगा. मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या शहरात निरोगी इंजिनचा काटा 17 ते 22 इंचांवर स्थिर राहतो. तो खाली असेल तर गळतीचा किंवा टायमिंगचा संशय घ्यावा. डोलत असेल तर व्हॉल्व्ह पाहावेत. धुराच्या यंत्राने तर चीर डोळ्यांनी दिसते. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत हीच गळती असली की काही वेळा थरथर न होता इंजिन आपोआप जास्त फिरते किंवा वरखाली होते, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पाईप बदलताना पेट्रोलच्या जागी पेट्रोलचा आणि व्हॅक्यूमच्या जागी व्हॅक्यूमचाच घालायला सांगा. दोघांचे रबर एक नसते.

आणि कोणी नुसता स्लो वाढवून गाडी परत देत असेल तर एवढेच विचारा, “हवा कुठून शिरतेय ते पाहिले का?”

ईदच्या दोन दिवस आधी आम्ही खेडला निघालो. कशेडीला आता बोगदा झाला असला, तरी आमच्या गावाकडचा उतार वळणावळणाचा आहे. आम्ही पुढच्या सीटवरून अब्बांच्या पायाकडेच पाहत होतो. ब्रेक हलका होता. खाली उतरून गाडी दारात उभी राहिली, इंजिन चालू होते, आणि अम्मींच्या मांडीवरचा डबा वाजला नाही.